पावसात धावायला जाताना

पावसात धावणे वेगळे आणि वादळात धावणे वेगळे. अंग भिजल्याने धावणाऱ्याचे सहसा काही बिघडत नाही, पण विजेशी खेळ नको. म्हणून बुटांच्या नाड्या बांधण्याआधी आकाशाचा अंदाज घ्यावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण ३ सेकंद लागतात, त्यामुळे ३० सेकंदांच्या आत गडगडाट झाला तर वीज जेमतेम १० किलोमीटरवर आहे असे समजावे आणि घरातच थांबावे. शेवटच्या गडगडाटानंतर आणखी ३० मिनिटे जाऊ द्यावीत, कारण पाऊस ओसरला तरी मागे राहिलेल्या ढगातून वीज पडू शकते. वाटेत गडगडाट सुरू झाल्यास पक्की इमारत किंवा छत असलेली बंद मोटार गाठावी. एकटे झाड, मोकळे मैदान आणि पाणवठा टाळावा.

कपडे निवडताना सुती बनियन बाजूला ठेवावा. भिजलेले सूत पाणी धरून ठेवते, अंगाला चिकटते आणि काखेत व मांड्यांच्या आतल्या बाजूला कातडी सोलवटते. हे दुखणे खरे कळते ते घरी येऊन अंगावर गरम पाणी घेतल्यावर. पॉलिएस्टरचा अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट घालावा आणि घासणाऱ्या जागी आधीच पेट्रोलियम जेली लावावी. जाड रेनकोटात माणूस घामानेच भिजतो, म्हणून तो नकोच. डोळ्यांत पाणी जाऊ नये यासाठी पुढे झाप असलेली टोपी मात्र हवी.

वारा असेल तर सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करावी. अंग ताजे असताना ती झुंज सोपी जाते आणि परतताना वारा पाठीशी राहतो. उलट केल्यास घामाने व पावसाने चिंब झालेल्या अंगावर समोरून वारा घेत परतावे लागते आणि हुडहुडी भरते. थरथर थांबेना किंवा बोलताना जीभ अडखळू लागली, तर धाव तिथेच सोडून आडोसा गाठावा, कोरडे कपडे घालावेत आणि सोबतच्या माणसाला तसे सांगावे.

रस्त्यावर पावले आखूड टाकावीत आणि वेगाचा हट्ट सोडावा. सगळ्यात दगा देतात ते रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणे, ओला पाला आणि शेवाळ: पांढऱ्या पट्ट्यावर टाच टेकते आणि पाय नकळत पुढे सरकतो, म्हणून वळताना त्यावर पाऊल ठेवू नये. साचलेल्या गढूळ पाण्याखाली खड्डा आहे की उघडे गटार, हे वरून दिसत नाही, वळसा घालावा. तुटून पडलेली विजेची तार दिसल्यास किमान १० मीटर दूर राहावे, भोवती पाणी साचले असेल तर त्याहून दूर. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते आणि चालकाला काचेतून अंधूक दिसते, त्यामुळे भडक कपडे घालून वाहने समोरून येताना दिसतील अशा बाजूने धावावे.

परतल्यावर आधी कपडे बदलावेत, मग बुटांकडे वळावे. आतले तळवे काढून बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि ते भिजले की बदलावेत. हीटरसमोर ठेवलेल्या बुटांचा डिंक सुटतो; पंख्याखाली ते सावकाश, पण नीट वाळतात.