बॅटरी आणि एबीएसचा दिवा एकत्र लागत होता, दोष अर्थच्या (अर्थिंगच्या) पट्टीत निघाला

गाडी 2009 ची, पेट्रोल. रात्री जळगावहून चोपड्याला जाताना हेडलाइट आणि ब्लोअर सोबत चालू केले की डॅशबोर्डवरचे बॅटरी व एबीएसचे (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवे मिणमिणायला लागायचे. दिवसा काहीच नाही.

बॅटरी नवी टाकली, अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनित्र) बेल्ट बदलला, चाकांचे सेन्सर साफ केले. फरक शून्य. दोन महिने अक्षरशः वैताग आला होता.

शेवटी मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवला. इंजिन, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. क्लॅम्पवर नाही, थेट शिशावर. लाल पिन बॉडीच्या उघड्या पत्र्यावर टेकवली: 0.04. मग इंजिनच्या ब्लॉकवर: 0.9! आकड्याआधी वजा चिन्ह आलं तरी चालतं. 0.2 च्या वर गेलं की अर्थमध्ये, म्हणजे वीज परतायच्या वाटेत, अडथळा आहे असं समजा. बॉडी ठीक, इंजिन नाही, म्हणजे दोघांना जोडणारी अर्थची पट्टीच खराब.

इंजिन बंद केलं, आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. गिअरबॉक्सजवळची विणलेली पट्टी खोलली. लगखाली (पट्टीच्या टोकाची बोल्ट लावायची कडी) हिरवा थर, आणि तारा बोटाने दाबताच तुटत होत्या. बॉडीवरची जागा पॉलिशपेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासली, नवी पट्टी घट्ट आवळली, मग वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावू नका.

आता ब्लॉकवर 0.05, बॅटरीवर 14.1. दिवे पुन्हा लागले नाहीत.

लाल ऑइलचा दिवा लागला तर मात्र हे करत बसू नका, गाडी तिथेच बंद करा.