जुन्या गाडीला ऑइल प्रेशर आणि टेंपरेचर मीटर बसवताय? या चुका टाळा

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइलसाठी बहुधा एकच तांबडा दिवा असतो. त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला, म्हणजे ४ ते ७ पीएसआयला काम करतो. पळत्या इंजिनात दाब इतका उतरला, म्हणजे बेअरिंगांवर बेतायचं ते बहुतेक बेतलेलं असतं. त्यामुळे काट्याचा मीटर बसवावासा वाटणं रास्तच आहे. पण चुकीचा बसवलेला मीटर दिव्यापेक्षा वाईट. बल्ब उडालेला नसेल तर दिवा निदान खोटं बोलत नाही.

मी पहिल्यांदा मीटर बसवला तेव्हा चावी फिरवताच, इंजिन बंद असतानाच, काटा पार टोकाला जाऊन बसला. इंजिन चालू केलं तर खाली आला. रेस दिली तर आणखी खाली. ऑइल पंप गेला असं समजून मी ऑइल काढलं आणि इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचे अर्धे बोल्टही सोडले. पंप ठणठणीत होता. नवा मीटर एका जातीचा आणि इंजिनावरचा जुना सेंडर (दाब किंवा तापमान ओळखून मीटरला वायरीतून कळवणारा भाग) दुसऱ्या जातीचा, एवढीच भानगड होती.

सेंडर आणि मीटरची जोडी

इलेक्ट्रिक मीटर दाब मोजत नाही, तो सेंडरचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाचतो. आणि कुठला रेझिस्टन्स म्हणजे किती दाब, हे प्रत्येकाचं वेगळं ठरलेलं असतं. युरोपीय धाटणीच्या बऱ्याच सेंडरमध्ये शून्य दाबाला १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० च्या आसपास ओहम असतात. अमेरिकी धाटणीत बरोबर उलटं: शून्याला २४०, पूर्ण दाबाला ३३. यांची अदलाबदल झाली की काटा उलटा चालतो, आणि माझ्यासारखा माणूस पाना घेऊन गाडीखाली शिरतो.

सेंडर लावण्याआधी मल्टिमीटरची एक टोकणी त्याच्या टर्मिनलला आणि दुसरी त्याच्या अंगाला लावा. १० च्या आसपास आकडा आला की २४० च्या, यावरून जात कळते. जमल्यास मीटर आणि सेंडर एकाच संचातले घ्या. टेंपरेचरलाही हाच नियम. तिथे तापमान वाढेल तसा रेझिस्टन्स उतरतो, पण किती उतरतो हे प्रत्येक मीटरसाठी वेगळं असतं. चुकीच्या जोडीत काटा योग्य दिशेनेच चालतो, फक्त आकडा खोटा असतो. ही चूक लवकर लक्षात येत नाही, म्हणून जास्त घातक.

आटे जुळतात असं वाटतं, तिथेच फसगत

१/८ एनपीटी (अमेरिकी पाइपचे), १/८ बीएसपी (ब्रिटिश पाइपचे) आणि एम१०×१ (मेट्रिक) हे तिन्ही आटे डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतात. एनपीटीला इंचाला २७ आटे आणि ६० अंशांचा कोन, बीएसपीला २८ आटे आणि ५५ अंशांचा कोन. एकात दुसरा दोन-तीन फेरे आरामात जातो आणि मग अडतो. इथे पान्याला जोर दिलात तर इंजिन ब्लॉकचे आटे गेलेच. ॲल्युमिनियमच्या भागात तर वेळच लागत नाही. हाताने तीन-चार फेरे सहज जात नसतील तर थांबा आणि पिच गेजने (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) मोजा. निमुळते आटे असतील तर तळापर्यंत आवळण्याचा हट्टही धरू नका, ते मध्येच आवळून बसण्यासाठीच केलेले असतात.

टेफ्लॉन टेप थोडीच वापरा आणि पुढचा एखाद-दुसरा आटा मोकळा सोडा. टेपचा तुकडा ऑइलच्या वाटेत गेला तर तो कुठे जाऊन अडकेल याचा नेम नाही. शिवाय एकाच टर्मिनलचा सेंडर आपली अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट) आट्यांमधूनच घेतो, त्यामुळे टेपचे थर चढवले की अर्थ कच्ची होते.

मूळ दिव्याचा स्विच काढून टाकू नका. टी (तीन तोंडांचा जोड) लावून दिवा आणि मीटर दोन्ही ठेवा, कारण गाडी चालवताना तुम्ही काट्याकडे सतत बघणार नाही, दिवा मात्र डोळ्यांत भरतो. पण पितळी टीवर डब्यासारखा जड सेंडर लटकवला तर इंजिनाच्या थरथरीने टी मुळापासून तुटू शकते, आणि मग ऑइल दाबाने बाहेर. त्याऐवजी लवचीक जाळीदार होज घ्या आणि सेंडर बॉडीवर क्लिपने बसवा. आता त्याला ब्लॉकची अर्थ मिळणार नाही, तेव्हा वेगळी अर्थ वायर द्या. ही वायर विसरणारे पुष्कळ भेटतात.

अर्थ आणि करंट

हेडलाइट लावताच काटा हलतो? मग आधी अर्थ तपासा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याचा बॉडीशी संबंध एका पट्टीतून येतो आणि जुन्या गाडीत ती पट्टी गंजलेली असते. कच्ची अर्थ म्हणजे वाढीव रेझिस्टन्स, आणि तो वाढला की टेंपरेचर मीटर खऱ्यापेक्षा थंड दाखवतो. इंजिन उकळायला आलेलं असतं आणि काटा निवांत.

काही जुन्या गाड्यांत मीटरसाठी व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो सुमारे १० व्होल्ट देतो. १२ व्होल्टच्या नव्या मीटरला तिथून करंट दिला तर वाचन चुकू शकतं. इग्निशन चालू झाल्यावरच करंट येणाऱ्या वायरीवरून, छोटा फ्यूज टाकून जोडा. जाता जाता एक खूण सांगतो: जुने पेट्रोल आणि टेंपरेचरचे काटे एकदमच वर चढले असतील तर इंजिनाआधी हा स्टॅबिलायझर बघा. आणि फार जुनी गाडी असेल तर बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे तेही पाहा, काहींत ते पॉझिटिव्ह असतं.

टेंपरेचरचा सेंडर कुठे?

त्याचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं हवं. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) पुढे, रेडिएटरच्या वरच्या पाइपमध्ये ॲडॅप्टर टाकून बसवलात तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत काटा मेल्यासारखा पडून राहील. तो दोष नाही, जागेचा परिणाम आहे. शक्यतो थर्मोस्टॅटच्या अलीकडे, हेडमध्ये जागा शोधा. पाइपमधल्या ॲडॅप्टरला दोन्हीकडून रबर असतं, म्हणून त्यालाही स्वतंत्र अर्थ लागते.

याहून महत्त्वाचं म्हणजे पाइप फुटून कूलंट निघून गेलं की सेंडर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. चढत चाललेला काटा अचानक घसरला तर हायसं वाटून घेऊ नका, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मेकॅनिकल, म्हणजे सेंडर-वायरीशिवाय नळीवर चालणाऱ्या, मीटरचं आणखी एक. ऑइलची नळी थेट केबिनमध्ये येते. ती सायलेन्सरच्या पाइपपासून लांब आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेटमधून न्या. तांब्याची नळी असेल तर इंजिन आणि बॉडीच्या मध्ये एक वेटोळं ठेवा, नाहीतर थरथरीने तांबं कडक होऊन चिरतं. टेंपरेचर मीटरची केसासारखी बारीक नळी (केशनळी) लांब वाटली म्हणून कापायची नाही. ती सीलबंद असते, कापली की मीटर संपला. उरलेली गुंडाळून बांधा.

काटा बघून घाबरण्याआधी

गार इंजिनात ऑइलचा दाब जास्त आणि तापल्यावर आयडलिंगला बराच कमी दिसतो. मेकॅनिक लोकांचा ढोबळ हिशोब दर १००० आरपीएमला १० पीएसआय असा आहे. पण खरा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. टेंपरेचर बहुतेक गाड्यांत ८० ते ९५ अंश सेल्सिअसला स्थिरावतं. झाकणाने दाब धरला असेल तर १०० ला लगेच उकळत नाही.

शंका आली तर टेंपरेचरचा सेंडर काढा, मीटरला जोडलेला ठेवून अर्थ द्या आणि त्याचं टोक उकळत्या पाण्यात धरा. काटा १०० च्या जवळ यायला हवा. समुद्रसपाटीपासून बरंच उंच असाल तर थोडा खाली. ऑइलसाठी मेकॅनिकल टेस्ट गेज थेट ब्लॉकला लावून दोन्ही आकडे ताडून बघा. मी हे आधी केलं असतं तर चेंबरचं नवं गास्केट वाचलं असतं.