ट्युमरच्या ॲसिडवर उघडणारे नॅनोपार्टिकल्स: या विषयात पीएचडीला येताय तर

एमएस्सी केमिस्ट्री करून मी या विषयात आले तेव्हा पेशींबद्दल बारावीच्या बायोलॉजीइतकंच माहीत होतं, म्हणून पहिलं हे सांगते की सुरुवातीला नुसते पेपर वाचत बसू नका, सेल कल्चर करणाऱ्यांच्या मागे मागे फिरा. कॅन्सरच्या पेशींनी भरलेला फ्लास्क दोन-तीन दिवस तसाच राहिला की गुलाबी मीडियम (पेशी ज्यात वाढवतात ते द्रव) पिवळं पडतं, कारण पेशींनी सोडलेल्या ॲसिडने त्यातल्या फेनॉल रेड या इंडिकेटरचा रंग बदलतो. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही भरपूर ग्लुकोज खाऊन लॅक्टिक ॲसिड बनवतात हे ओटो वॉरबर्गने १९२० च्या दशकातच दाखवलं होतं, पण मला ते खरं कळलं तो फ्लास्क हातात घेतल्यावर.

आता आपलं काम, म्हणजे याच ॲसिडचा वापर करून नॅनोपार्टिकलमधलं औषध ट्युमरमध्येच सोडायचं. मी डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध हायड्रॅझोन बाँडने पार्टिकलच्या पॉलिमरला जोडलं होतं, हा बाँड ॲसिडमध्ये तुटतो आणि औषध सुटतं. डायलिसिस बॅगेत (हिच्यातून सुटलेलं औषध बाहेर जातं, पार्टिकल्स आतच राहतात) घालून पीएच ७.४ आणि ५.५ ला रिलीज बघितला, ग्राफ इतका सुंदर आला की त्याच दिवशी माझ्या गाइड मॅडमना दाखवायला धावले. त्यांनी एकच विचारलं, "अगं, बॅगेत नुसतं औषध टाकून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. डॉक्सोरुबिसिन ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये तसंही कमी विरघळतं आणि ॲसिडमध्ये जास्त, म्हणजे माझ्या ग्राफमधला फरक किती बाँडमुळे आणि किती नुसत्या विरघळण्यामुळे, सांगताच येईना. पंधरा दिवसांचं काम परत केलं. फ्री ड्रगचा, म्हणजे पार्टिकलशिवाय नुसत्या औषधाचा, कंट्रोल पहिल्या दिवसापासून ठेवा, प्लीज.

दुसरा प्रश्न त्यांनी नंतर विचारला, ५.५ शरीरात असतो कुठे? तर तो पेशीच्या आत, एंडोसोम-लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीने आत घेतलेल्या गोष्टी जिथे जातात त्या ॲसिडिक पिशव्यांमध्ये. ट्युमरमध्ये पेशींच्या बाहेर साधारण ६.५ ते ६.९, रक्तात ७.४, फरक जेमतेम ०.५ ते ०.९. म्हणून तुमचा पार्टिकल पेशीबाहेर उघडणार की आत जाऊन, हे सिंथेसिसच्या आधी ठरवा आणि ६.८ लाही रिलीज करून बघा. हायड्रॅझोनऐवजी डायसल्फाइड बाँड वापरणारे असाल तर तिथे पीएच नाही, तो बाँड तोडणारं ग्लुटाथायोन हे रसायन बघायचं, ते रक्तात मायक्रोमोलर आणि पेशीत मिलिमोलरमध्ये असतं, तो फरक खूप मोठा आहे, मला तो रस्ता जास्त भरवशाचा वाटतो.

आणि नॅनोपार्टिकल्स ट्युमरपर्यंत किती पोचतात यावरचा २०१६ चा आढावा नक्की वाचा, आधीच्या दहा वर्षांतले पेपर तपासून त्यांनी काढलं की दिलेल्या डोसपैकी ट्युमरपर्यंत मीडियन ०.७ टक्केच नॅनोपार्टिकल्स पोचतात. मी वाचलं तेव्हा दोन दिवस काम सुचलं नाही, मग बाकीचे बरेचसे जिथे अडकतात त्या लिव्हर आणि स्प्लीनमध्ये किती जातं ते मोजायचा भाग प्रपोजलमध्ये वाढवला.