अंगणवाडीत मारणारं, चावणारं लेकरू कसं सांभाळावं

खोली झाडणं, पाणी भरणं, खेळणी काढणं हे तुम्ही रोज करताच. त्यापुढचं लिहिते. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना वळण कसं लावावं यावर गावात सल्ला देणारे पुष्कळ, पण बहुतेकांचं घोडं "एक ठेवून द्या न बाई, चूप बसते" इथंच अडतं. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातलं कलम १७ शाळेत मारायलाही मना करतं आणि मानसिक छळ करायलाही. पहिलीतल्या पोराला जे चालत नाही, ते त्याच्याहून लहान लेकराला कसं चालेल? छडी, कान पिळणं, अंगठे धरून उभं करणं हा विषय इथंच संपला.

नियम तीनच ठेवा, आणि काय करायचं ते सांगा. "पळू नका"पेक्षा "हळू चाला" लवकर समजतं.

दिवसाचा क्रम रोज तोच ठेवा: गाणी, मोकळा खेळ, गोष्ट, हात धुणं, जेवण.

भाषेकडे मात्र नीट बघा. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कितीतरी गावांत लेकरू घरी गोंडी किंवा कोलामी बोलतं. "हे ऐकतच नाही" म्हणण्याआधी त्याला तुमचं बोलणं कळलं का, ते पाहा. थांब, दे, बस, दुखते एवढे शब्द त्याच्या आईकडून शिकून घ्या. वऱ्हाडी घरातल्या लेकराशीही ऐन रडारडीत पुस्तकी मराठी बोलू नका.

आता खरी अवघड जागा: एकानं दुसऱ्याला चावलं किंवा मारलं, तो क्षण. मला स्वतःला हे सगळ्यांत उशिरा जमलं. शहरातली पुस्तकं सांगतात, त्या मुलाला बाजूला घेऊन शांतपणे बोला. आपल्याकडे मदतनीस ताई खिचडीपाशी असते आणि खोलीत आपण एकट्या. बाजूला घेऊन बसलो तर बाकीच्यांकडे कोण बघणार?

समजा तान्हा पोळा जवळ आला आहे आणि कोणीतरी घरून लाकडी बैल आणला आहे. दोघांच्या हातात एकच दोरी, ओढाताण, आणि एकानं दुसऱ्याच्या दंडाला चावा घेतला. खोलीच्या या टोकावरून ओरडू नका. ओरडलं की सगळी लेकरं वळून बघतात, दोनचार घाबरून रडायला लागतात आणि चावणारा आणखी बिथरतो. उठा, चालत जा, गुडघ्यावर बसा, दोघांच्या मध्ये आपला हात घाला. वाक्य एकच: "चावायचं नाही. त्याले दुखते." आवाज खालचा, चेहरा गंभीर. बैल स्वतःच्या मांडीवर ठेवा, लगेच कोणालाच देऊ नका.

मग आधी ज्याला लागलं त्याच्याकडे वळा. जागा साबण-पाण्यानं धुवा, त्याला जवळ घ्या. कातडी फुटून रक्त आलं असेल तर उपकेंद्रात दाखवायचंच. चावणारा तुमच्या शेजारीच राहू द्या. पाण्याचा गडू धरायला त्याला सांगून पाहा, धरला तर बरं, नाही धरला तर हट्ट करू नका. "कोणी सुरू केलं?" हे विचारूच नका. तीन वर्षांचं लेकरू घडलेलं क्रमानं सांगू शकत नाही, ते तुम्हाला आवडेल असं काहीतरी सांगतं. "सॉरी म्हण" हेही नको. पाठ केलेला शब्द फेकून ते मोकळं होतं, आणि बैल मागायचा कसा हे त्याला न कळलेलंच राहतं.

रडणं थांबलं की ते शिकवायचं. बैल हातात धरा आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या: "मले पायजे." दुसऱ्याकडून म्हणवून घ्या: "आता माहा नंबर." बोलल्याबरोबर बैल द्या, थोड्या वेळानं दुसऱ्याला द्या. हे दुसऱ्या दिवशी भांडण नसतानाही खेळ म्हणून करा. याच वेळी लेकरू खरं शिकतं, आणि नेमका हाच भाग बहुतेक जणी घाईत सोडून देतात.

सोबत एका वहीत आठवडाभर टिपून ठेवा: किती वाजता झालं, कुठे, जवळ कोण होतं, आधी काय झालं. बहुतेकदा वेळ तीच निघते, जेवणाआधीची. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच कामाला लागते, लेकरू अर्धवट झोपेतून उठून उपाशी येतं. अशा लेकराला आल्याबरोबर काही खायला द्या आणि दाटीत बसवू नका. टिनाच्या छपराखाली उन्हाळ्यात दुसऱ्याचा घामेजलेला हात अंगाला लागला तरी ठिणगी पडते.

दोन सल्ले मला अजिबात खपत नाहीत. एक, "तूही त्याला चावून दाखव" किंवा "तोंडात तिखट घाल". ही सरळ इजा आहे. दुसरा, "सिस्टर येऊन सुई टोचेल" ही भीती. त्याच लेकराला पाच वर्षांचं झाल्यावर डीपीटी लसीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर घ्यायचा असतो, आणि तेव्हा सिस्टरला पाहून ते धुऱ्यावरून पळत सुटतं.

आईशी बोलायचं ते लेकरासमोर नाही, दारात चारचौघींत तर नाहीच. "आज भांडण झालं, मी असं केलं, घरीही 'मले पायजे' म्हणायला लावा" एवढंच सांगा. बापाला सांगून मार बसेल अशी तक्रार पाठवू नका.

लेकराला चार वर्षं पूर्ण होऊनही चावणं आठवडेच्या आठवडे थांबत नसेल, शब्द फारच थोडे असतील, मागून हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर त्याला शिस्तीच्या खात्यात टाकू नका. ऐकायला कमी येत असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. तुमची वही त्या डॉक्टरांपुढे ठेवा, आणि पथकाची फेरी लांब असेल तर आईला सोबत घेऊन आधीच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.