अप्रेझलमध्ये टीका ऐकताना डोकं शांत कसं ठेवावं

भावनिक बुद्धिमत्ता वाढवायची म्हणून लोक ध्यानाचं ॲप घेतात, 'पॉझिटिव्ह राहा' छापाचे सल्ले पाठ करतात. नोकरीत तिचा कस लागतो तो साहेब समोर बसवून तुमच्या उणिवा सांगू लागतात तेव्हा. सराव तिथला करा.

वर्षभराच्या कामाचे आकडे आणि मेल आदल्या दिवशी काढून ठेवा. आत जाताना वही-पेन न्या. कौतुक झालं तर आभार मानून पुढे चला.

खरा अवघड टप्पा म्हणजे "तुमचं टीमशी जमत नाही" हे कानावर पडल्यापासून तुमच्या तोंडून पहिला शब्द निघेपर्यंतचा. मला तो जमायला फार काळ लागला. कान तापतात, खुलासा जिभेवर येऊन थांबलेला असतो. 'दहापर्यंत आकडे मोजा' हा सल्ला इथे कुचकामी आहे. मोजण्याच्या नादात साहेबांचं पुढचं बोलणं निसटतं आणि राग जिथल्या तिथे राहतो.

त्याऐवजी मनातल्या मनात भावनेला नेमकं नाव द्या. नुसतं 'वाईट वाटलं' चालणार नाही. अपमान वाटला? श्रेय दुसऱ्याला गेलं म्हणून पोटात दुखलं? नोकरीची भीती वाटली? की मुद्दा खरा निघाला म्हणून ओशाळलात? प्रत्येकाचा इलाज वेगळा. भीती असेल तर रेटिंगवर काय परिणाम होईल ते सरळ विचारा. ओशाळला असाल तर समर्थन मुळीच करू नका. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधल्या प्रयोगात, चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची, प्रतिक्रिया मंदावते, असं दिसलं होतं.

मग साहेबांचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवा. तेवढ्यात श्वास जागेवर येतो. त्यानंतर एकच प्रश्न: "सर, अलीकडचं एखादं उदाहरण सांगाल का?" 'पण'ने सुरू होणारं वाक्य गिळून टाका. आणि "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" असं चुकूनही विचारू नका. त्या क्षणी विषय तुमच्या कामावरून चुगलीवर जातो आणि परत येत नाही. उदाहरण चुकीचं असलं तरी तिथल्या तिथे खोडू नका. "माझी बाजू उद्या लिहून पाठवतो," एवढंच म्हणा.

मेल सकाळी लिहा, रात्री नको. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चकार शब्द काढू नका. महिन्याभराने साहेबांना गाठून त्याच मुद्द्यावर फरक जाणवतोय का, ते विचारा.