सायकलवर मराठवाडा फिरायचाय तर रोज साठच किलोमीटर मारा

मराठवाड्यात सायकल टूर म्हणलं की सगळे वेरूळ-अजिंठाच विचारतात, ते आहेच, पण मला विचाराल तर धाराशिव-लातूरचा पट्टा घ्या आणि रोजचं अंतर कमी ठेवा. पहिल्या टूरला मी दिवसाला सव्वाशे मारत होतो आणि तेरसारख्या जुन्या गावात नुसता चहा पिऊन तसाच पुढं निघालो, त्याची हळहळ अजून वाटते. आता साठ, लई झालं तर सत्तर. पहाटे उजाडता उजाडता निघायचं, बारापर्यंत मुक्कामाला पोचायचं आणि उरलेला दिवस त्या गावाला द्यायचा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, नकोच. पावसाळा दिसायला सुंदर, पण डांबर सोडलं की काळी माती चाकाला अशी चिकटते की मडगार्ड आणि टायरमधली जागा भरून चाकच अडकतं, मग काडीनं उकरत बसा. हिवाळ्यात सांभाळायचं ते उसाला. कारखाने चालू असतात, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूनं ऊस बाहेर आलेला आणि मागं बऱ्याचदा लाइटच नसतो. म्हणून दिवस मावळल्यावर रस्त्यावर राहायचं नाही म्हणजे नाही, आणि दिवसा मागून असा ट्रॅक्टर आला की सरळ साइडपट्टीवर उतरून त्याला जाऊ द्यायचं.

पंक्चरचं नीट ऐका, कारण बाभळीचा काटा कुणालाच सोडत नाही. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, एकदम हळू, पूर्ण गोल. काट्याचं टोक आतच मोडून राहिलेलं असतं, बाहेरून दिसत नाही. मी एकदा ते न बघता नवी ट्यूब टाकली आणि दोन किलोमीटरवर ती पण बसली. टोक चिमट्यानं काढायचं, मग ट्यूब. दोन जादा ट्यूब, पॅच, सोलूशन, हातपंप जवळ पाहिजेच, कारण गावातल्या दुकानात साध्या काळ्या सायकलीच्या ट्यूब मिळतील, तुमच्या बारीक टायरच्या मिळतीलच असं नाही. ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह (हवा भरायचं बारीक, लांब तोंड) असेल तर पितळेचं छोटं अडॅप्टर घेऊन ठेवा, म्हणजे मोटारसायकलची हवा भरतात तिथं पण काम होतं. फक्त त्या कंप्रेसरनं थोडी थोडी हवा मारायला सांगा, बारीक ट्यूब क्षणात फुटते.

आता रस्ता. धाराशिवहून तेर वीस-बावीस किलोमीटर, तिथं पूर्ण दिवस द्या. हे म्हणजे प्राचीन काळचं तगर शहर, इथला व्यापार रोमपर्यंत होता, आणि गावातल्या लामतुरे म्युझियममध्ये त्या काळच्या वस्तू बघायला मिळतात. जुन्या विटांचं त्रिविक्रम मंदिर बघा, पाठीमागून घोड्याच्या नालासारखं गोल आहे. गोरोबाकाकांचं मंदिर तेरणेच्या काठाला, संध्याकाळी तिथं नुसतं बसलं तरी बरं वाटतं. पुढं मुरूड करून लातूर, लातूरहून औसा वीसेक किलोमीटर, किल्ला बघा. निलंग्याच्या रस्त्यावर खरोसा लागतं, तिथल्या लेण्या जांभ्या दगडात कोरल्यात, वेरूळसारखी गर्दी नाही. निलंग्यात नीलकंठेश्वराचं मंदिर आणि गाड्यावरचा गरम निलंगा राईस, दोन्ही सोडू नका.

किल्लारीतून जाताना सायकल हळू चालवा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे इथं भूकंप झाला, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद (मातीचं सपाट छप्पर) झोपलेल्या माणसांवर आलं. पुनर्वसनाच्या गावांचे सरळ रुंद रस्ते बघितले की बाकीच्या गावांपेक्षा वेगळं का वाटतंय ते कळतं. स्मृतिस्तंभाजवळ थांबा, पण फोटोसाठी कुणाला जुन्या गोष्टी विचारत बसू नका, सांगायचं असेल तर माणसं आपणहून सांगतात.

तारीख जुळत असेल तर येळवस, म्हणजे वेळा अमावस्येचा शेतातला सण, गाठाच. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडं अख्खं गाव शेतात असतं, दुकानं-हॉटेलं बंद, म्हणून आधी मला वाटलं आज उपाशीच. औशाच्या पुढं एका शेतातून आवाज आला, "ओ पाव्हणं, कुठं चाललाव? या की जेवायला!" कडब्याची कोप (खोपी), आत पांडव म्हणून पुजलेले चुना लावलेले पाच दगड, आणि पानावर भज्जी, बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), वर मडक्यातलं थंडगार आंबील. ती भज्जी म्हणजे बेसनात शिजवलेल्या ताज्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची घट्ट भाजी, तळलेली भजी नव्हे. मावशींनी तीनदा वाढलं. पैसे काढू नका तिथं, वाईट वाटतं त्यांना, बॅगेत लेकरांसाठी काहीतरी गोड ठेवा.

मुक्कामाला तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ लॉज असतात, सायकल आत ठेवू देणार का ते पैसे द्यायच्या आधी विचारा. छोट्या गावात राहायचं तर पाचच्या आत पोचून सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा, मारुतीच्या देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा बहुतेक मिळतो. न विचारता पथारी टाकू नका.

शेवटचा टप्पा नळदुर्ग. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, आदिलशाही काळातला. नर-मादी धबधबे पावसाळ्यात, हिवाळ्यात त्यांची आशा धरू नका, पाणीमहालासाठी जा. तिथनं तुळजापूर तीस-पस्तीस किलोमीटर. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळून पोचा, नाहीतर खोली मिळायची मारामार. दुसऱ्या दिवशी दर्शन करून निघालात तर धाराशिव वीस-पंचवीसच किलोमीटर राहतं, जेवायच्या वेळेला घरी.