सासूबाईंचे गुडघे आणि अकलोलीचं कुंड

ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरीच्या गरम कुंडांवर जायचं असेल तर थंडीत जा आणि सकाळी लवकर जा. एप्रिल-मेच्या उकाड्यात गरम पाण्यात बसण्यात काही अर्थ नाही. पावसाळ्यात तानसा फुगते, काठावरची कुंडं पाण्याखाली जातात आणि नदीचा तर अजिबात भरवसा नसतो. रविवार, मंगळवार, नवरात्र, महाशिवरात्र आणि चैत्रातली यात्रा टाळा. वज्रेश्वरी देवीची गर्दी पुढे कुंडावरच येते, आणि दुपारपर्यंत पाणी कसं झालेलं असतं ते सांगायला नको.

आम्ही वसईचे. महामार्गावर शिरसाड फाट्याला आत वळलं की रस्ता सरळ वज्रेश्वरीला जातो. एसटीही आहे, पण गुडघेदुखीचं माणूस सोबत असेल तर रिक्षा किंवा गाडीच बरी. आमच्याकडे ते माणूस म्हणजे सासूबाई.

क्रम नीट ठरवा: आधी देवी, मग कुंड. वसईचा किल्ला घेतल्यावर, म्हणजे 1739 नंतर, चिमाजी आप्पांनी बांधवलेलं हे देऊळ उंचावर आहे आणि पायऱ्या बावन्न आहेत. गरम पाण्यातून बाहेर आल्यावर अंग सैल पडतं, रक्तदाब उतरतो. त्या अवस्थेत चढायला घेतलं तर चक्कर ठरलेली. सासूबाई कठड्याला धरून, दर दहा पायऱ्यांवर टेकत चढतात, आणि खाली आल्यावर "आता माझ्या पायांची पाळी" म्हणतात.

कुंडांसाठी अकलोलीला रामेश्वराचं देऊळ आणि गणेशपुरीला भीमेश्वराचं, अशा दोन जागा. नित्यानंद स्वामींची समाधी गणेशपुरीतच आहे, त्यामुळे तिथे भाविक जास्त. एकाला लागून एक कुंडं असली तरी सगळ्यांचं पाणी सारखं तापलेलं नसतं. तळव्याची कातडी जाड, म्हणून पाय बुडवून अंदाज घेऊ नका. हाताचा कोपर बुडवा. कोपराला सोसलं तरच पुढे. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झाली असेल तर दुसऱ्याच्या कोपरावर विश्वास ठेवा, कारण स्वतःला भाजलेलं कळतच नाही.

घरून तांब्या न्या. आधी पायांवर, मग पोटऱ्यांवर, मग कमरेवर पाणी घ्या. सासूबाई पदर खोचून दुसऱ्या पायरीवर बसतात, पाणी गुडघ्यांच्या वर येईल इतकंच. दोन्ही तळव्यांनी वाट्या गोल गोल चोळतात आणि पाय हळूहळू सरळ करतात, परत दुमडतात. सुरुवातीला चेहरा आक्रसतो, मग सुटतो. दहा मिनिटं बास, फार तर पंधरा. त्यानंतर फायदा नाही, नुसती धाप लागते. उठताना एकदम उठू नका. काठावर बसून पाणी प्या, मग उभे राहा.

हृदयविकार असेल, दिवस गेलेले असतील, अंगावर उघडी जखम असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. डोकं बुडवू नका आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका: गोड्या कोमट पाण्यात क्वचित एक अमीबा असतो, तो नाकातून मेंदूपर्यंत पोचतो आणि जिवावर बेततो. पोरं सूर मारायला लागली की मी त्यांना सरळ बाहेर काढते. साबण-शाम्पू पिशवीतच राहू दे. पैंजण, चांदीच्या अंगठ्या घरी ठेवा, गंधकाने काळ्या पडतात. पायऱ्यांवर शेवाळ असतं. कपडे बदलायची सोय बेताचीच, म्हणून जुना सुती ड्रेस घालूनच निघा आणि मोठी चादर सोबत घ्या.

देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्ताने पाणी तापलं, असं इथे सांगतात. भूगर्भवाले म्हणतात, पावसाचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी उष्णता वाढत जाते, तिथे ते तापतं आणि भेगांतूनच वर येतं. पालघरपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत कोकणात अशी ठिकाणं एका ओळीत सापडतात ती त्यामुळेच. ज्वालामुखीचा संबंध नाही.

आता औषधाचं. आखडलेले स्नायू सुटतात, सांधे मोकळे होतात, रात्री झोप गाढ लागते. सासूबाई दोन-तीन दिवस हातात काठी न घेता परसात फिरतात, मग पुन्हा घेतात. झिजलेली वाटी पाण्याने भरून येत नाही, तेव्हा गोळ्या बंद करू नका. खरूज-नायटा बरा होतो म्हणून कुणी आलं असेल तर त्याच कुंडात तुम्हीही बसलेले असता, एवढं ध्यानात घ्या आणि घरी आल्यावर साध्या पाण्याने आंघोळ करा.

कुंडात उतरण्याआधी पोटभर खाऊ नका. बाहेर आल्यावर मात्र कडकडून भूक लागते. फाट्याकडे परतताना चहा-वडापाव होतोच.